वाहत्या पाण्याचे जाळे

धर्मामामांना गोल कोणी केला यात कधीच रस नव्हता.

आमच्याकडे वर्तमानपत्र दुपारी, बोईसरहून येणाऱ्या टपालाबरोबर पोहोचत असे. त्यात फुटबॉलच्या सामन्याची बातमी असली की धर्मामामा आमच्या पडवीच्या पायरीवर येऊन बसत आणि ती मला वाचायला लावत. मी मथळा उच्चारला की त्यांचा हात वर होई.

"ते नको, बाय. गोल कोनी केला ते नको. मागं किती होते, पुढं किती होते, ते सांग."

बातमीत ते नसे. बातमीच्या शेवटी खेळाडूंची नावे असत, आणि ती नेहमी एकाच क्रमाने छापलेली असत: आधी गोलरक्षक, मग मागचे दोघे, मग मधले तिघे, मग पुढचे पाच. मी तो क्रम वाचून दाखवला की ते थोडा वेळ समुद्राकडे पाहत आणि म्हणत, "पेपरवाला खोटं बोलतो."

"छापलेलं आहे, मामा."

"छापलेलं हाय म्हनून काय झालं? पाच जन पुढं असते आनि समोर दोघंच मागं, तर गोल सहा-सात व्हायला पायजेत. झाला एक. म्हंजे दोघं-तिघं मागं सरकलेत. नावं जुन्या जागेवर छापतात, मानसं नव्या जागेवर खेळतात."

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. परिणामावरून रचनेचे अनुमान काढायचे असते, हे मला पुढे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत रीतसर शिकवण्यात आले. पण स्वतःच्या नावापलीकडे काही लिहिता न येणाऱ्या नवापूरच्या एका मासेमाराने ते मला त्यापूर्वीच आमच्या पायरीवर करून दाखवले होते.

माझे वडील, अप्पा, नवापूरच्या शाळेत मास्तर होते. फुटबॉल त्यांना फारसा कळत नसे, पण गावच्या संघाचे अर्ज भरणे, पत्रे लिहिणे, सामन्याच्या दिवशी घड्याळ घेऊन बसणे ही कामे अप्पांकडे आपोआप आली होती. संघ मात्र धर्मामामांचा होता. तरुणपणी काही वर्षे ते मुंबईच्या गोदीत ओझी वाहत होते, आणि सुटीच्या दिवशी कुंपणाबाहेर उभे राहून पलटणींचे आणि गिरण्यांचे सामने बघत होते. तेथून परत येताना त्यांनी एक चामड्याचा चेंडू आणि एक कल्पना आणली. चेंडू तीन-चार वर्षांत खाऱ्या पाण्याने कुजला. कल्पना अशी होती की कोणतीही खेळण्याची रीत ही समोरच्याच्या रीतीला दिलेले उत्तर असते. म्हणून आपण कसे खेळावे हे आपल्याकडे बघून ठरवायचे नाही. ते हे इतक्या शब्दांत सांगत नसत. ते म्हणत, "आदी पानी बघ, मंग जाळं टाक."

त्यांचे मैदान म्हणजे ओहोटीनंतर उघडी पडणारी किनाऱ्याची ओली, घट्ट वाळू. गोलाच्या खुणेसाठी होडीची वल्ही रोवत. खेळ पाणी उतरले की सुरू होई आणि भरतीचे पाणी खालच्या बाजूच्या वल्ह्याला लागले की संपे. नवापूरच्या सामन्याला घड्याळ नव्हते. ही गोष्ट तेव्हा मला केवळ गमतीची वाटे. तिच्यात काय दडले होते ते मला फार उशिरा समजले.

सामना बघताना त्यांची एक सवय होती. डावा तळहात डोळ्यांसमोर लांब धरून ते त्याने चेंडू झाकत. चेंडू जाईल तिकडे हात फिरे, आणि हाताच्या आजूबाजूला जे उरे ते मामा बघत. पालघरहून आलेले एक गृहस्थ एकदा अप्पांना हळूच म्हणाले होते, "मास्तर, यांच्या डोळ्याला काही त्रास आहे का?" मला मामांनी ही युक्ती पहिल्याच वर्षी शिकवली. "चेंडू लबाड हाय, बाय. तो सगळ्यांचे डोळे आपल्याकडं ओढून घेतो. त्याला झाकलास का मंग मानसं दिसतात."

मी चौकटीच्या कागदांची एक वही केली होती. मामा अंगणातल्या वाळूत शिंपल्या आणि खडे मांडत. शिंपल्या आपल्या, खडे समोरच्यांचे. मांडताना खडे नेहमी आधी. मी ते वहीत उतरवून घेई. पुढे मी शिकायला मुंबईला गेले तेव्हाही प्रत्येक सुटीत परत आल्यावर वहीची काही पाने भरत. मामा मला भेटताक्षणी अभ्यासाची चौकशी करत नसत. ते विचारत, "वही आनलीस?"

त्या वहीत नवापूरची पहिली रीत आहे: पाच पुढे, सगळे गोलाच्या दिशेने. ओल्या वाळूवर अनवाणी वाढलेली ती मुले चेंडू पायाला चिकटवून नेत. त्यांच्यात गणपत नावाचा एक डाव्या पायाचा खेळाडू होता. तो तिघांना चुकवून जाई आणि चौथ्याला चुकवता यावे म्हणून परत मागे येई. मामा त्याला ओरडत, पण ओरडताना हसत. पालघरच्या संघाने मधला एक जण मागे ओढून पुढच्यांचा रस्ता बंद केला, तेव्हा मामांनी आपल्या पाचांतले दोघे थोडे मागे घेऊन त्या मागे गेलेल्याला पुन्हा बाहेर यायला भाग पाडले. वहीत हे सगळे बाणांनी दाखवलेले आहे. ते बाण आज पाहिले की मला त्यांतला आनंदच आधी दिसतो. त्या काळात हरणेही एक माहिती होती.

आणि नवापूर हरत असे. पालघरला दर वर्षी दिवाळीनंतर एका ढालीसाठी सामने होत. ती ढाल एकदा नवापूरला यावी, एवढीच मामांची इच्छा होती. त्यांना मूल नव्हते, होडीत फक्त वाटा होता, आणि या दोन गोष्टींबद्दल ते कधी बोललेले मला आठवत नाही. ढालीबद्दल ते बोलत. शाळेच्या भिंतीवर ती कोठे लावायची तेही त्यांनी अप्पांना दाखवून ठेवले होते.

मग तारापूरच्या बाजूला मोठे बांधकाम सुरू झाले. देशभरातून माणसे आली, बोईसरच्या बाजारात हिंदी ऐकू येऊ लागली, आणि बांधकामावरच्या कामगारांनी आपला फुटबॉलचा संघ उभा केला. त्यांच्याशी नवापूरचा पहिला सामना झाला तेव्हा मी सुटीत घरी होते. उंच माणसे, पायांत बूट, पुढे चौघे ओळीने उभे. मागून एक जण लांब चेंडू मारी आणि ते चौघे एकदम धावत. आमची मुले चेंडू पायात घेऊन दोघांना चुकवेपर्यंत तो त्यांच्या पायातून निसटे आणि आमच्या गोलात पोहोचे. सात गोल झाले. परतीच्या वाटेवर सगळे खाली मान घालून चालत होते. मामा मात्र पुढे झपाझप चालत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला अक्षरशः हर्ष दिसला.

"मामा, सात झाले," कप्तान पांडू म्हणाला.

"मोजलेस काय? मी नाय मोजले. नवीन पानी आलंय रे पांड्या! एवढा जोर मी मुंबैलाबी नाय बघितला."

"जोर त्यांचा. गुडघे आमचे फुटले."

"मंग जोरात पानी येतं तवा आपुन काय करतो? समोर उभं राहून ढकलतो काय त्याला?"

मला वाटते त्याच क्षणी मामांचे ठरले असावे. नवापूरचे लोक डोल लावतात. डोल म्हणजे एक लांबलचक पिशवीसारखे जाळे. समुद्राच्या तळात दोन खुंट रोवून त्यांच्यामध्ये जाळ्याचे रुंद तोंड ताणतात. भरती-ओहोटीचे पाणी त्या तोंडातून आत शिरते, पिशवी निमुळती होत जाते, आणि पाण्याबरोबर आलेली मासळी शेपटाशी, म्हणजे खोल्यात, जमा होते. जाळे स्वतः काहीच करत नाही. सगळे काम पाणी करते.

त्या पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, खळ्यात बसून जाळी विणणाऱ्या मुलांना मामांनी नवी रीत शिकवली. दोन कडेचे बचावपटू म्हणजे खुंट. त्यांनी हलायचे नाही. मध्ये मुद्दाम मोकळी जागा, तोंड. त्या तोंडातून समोरच्याला आनंदाने येऊ द्यायचे. तो जसजसा आत येईल तसतसे बाजूचे चौघे जवळ सरकतील. आणि अगदी शेवटी, खोल्याशी, दत्तू. दत्तू हा मामांच्या विधवा बहिणीचा मुलगा, सख्खा भाचा. शांत, रुंद खांद्यांचा. त्याने चेंडू घ्यायचा आणि पुढे एकट्या उभ्या असलेल्या पांडूकडे उंच मारायचा. तोवर समोरचे सगळे पिशवीत आलेले असत; त्यांच्या मागे कोणी उरलेले नसे.

पाऊस संपल्यावर बांधकामाच्या मैदानावर पुन्हा सामना झाला. पहिला अर्धा तास आमची मुले नुसती उभी राहिलेली पाहून काठावरचा एक कामगार मोठ्याने म्हणाला, "अरे भाई, ये लोग खेलने आए हैं या मछली पकड़ने?"

मामांनी तळहात खाली न घेता उत्तर दिले, "दोनी!"

दोन गोलांनी नवापूर जिंकले. दोन्ही वेळा चेंडू दत्तूकडून पांडूकडे गेला. मी वहीत त्या दिवसाच्या नोंदीखाली दुहेरी रेघ मारलेली आहे.

अडचण मी आधी पाहिली. हे मी अभिमानाने सांगत नाही. त्या हिवाळ्यात वही चाळताना माझ्या लक्षात आले की ही रचना समोरच्याच्या वेगावर चालते. त्याने वेग दिलाच नाही तर तिच्यात काहीच घडणार नाही. मी पायरीवर मामांना तसे सांगितले.

"मामा, पाणी वाहिलंच नाही तर?"

"भांग म्हनतेस?" ते म्हणाले. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीचा जोर ओसरतो. त्या मंद पाण्याला तिकडे भांग म्हणतात. "भांगाला आमी डोल लावतच नाय. घरी बसतो. जाळी सुकवतो. चार दिवसांनी उधान येतंच."

"पण समोरची माणसं आहेत, मामा. ती ठरवून थांबली तर?"

ते मोकळेपणाने हसले. "पानी ठरवून थांबतं काय, बाय? तू लय शिकलीस!"

मी विषय सोडून दिला. त्यांना पटवण्याची मला गरज वाटली नाही. मला माझे अनुमान बरोबर आहे एवढे पुरे होते.

पुढच्या उन्हाळ्यात दत्तूला बांधकामावर कायमची नोकरी मिळाली. नोकरीबरोबर तिथल्या संघात खेळणे ओघानेच आले. तो मामांना सांगायला आला तेव्हा मी तिथे नव्हते, अप्पांनी पुढे सांगितले की मामा एवढेच म्हणाले, "जा. तुझ्या आयशीनं लय सोसलंय." पण त्यानंतर ते ढालीबद्दल पूर्वीसारखे सहज बोलेनासे झाले. आणखी पाच मुलांची नावे बांधकामावरच्या भरतीच्या यादीत लागली होती. दिवाळीनंतर एकेक जण जाणार होता. नवापूरचा संघ म्हणून पालघरच्या मैदानावर उतरण्याची ही शेवटची खेप होती. मामांनी मला एका वाक्यात सांगितले. "या साली नाय, तर मंग नाय."

त्याच दिवाळीत दत्तू आमच्याकडे आला होता. अप्पांकडून आईसाठी एक अर्ज लिहून घ्यायचा होता. अप्पा आत कागद शोधत होते. दत्तू पडवीत उभा होता आणि माझ्या मांडीवर वही होती.

"ताई," तो म्हणाला, "मामाचं जाळं फाटतं कुठं?"

ती खेळातली चौकशी होती. तिच्यात कपट नव्हते. तो मामांच्याच हाताखाली शिकला होता, आणि मामांनी शिकवलेला पहिला प्रश्न हाच होता. मी उत्तर दिले नसते तर काही बिघडत नव्हते. पण ज्या अनुमानाला मामा हसले होते ते ऐकून घेणारा माणूस मला प्रथमच भेटला होता.

"ते फाटत नाही," मी म्हणाले. "पाणी वाहिलं नाही तर ते उघडतच नाही."

दत्तूने माझ्या मांडीवरच्या वहीकडे पाहिले. मग म्हणाला, "खरं हाय." मला ते वाक्य बोलताना आपण फार नेमके बोललो असे वाटले होते. आजही ते नेमकेच वाटते. त्याचाच मला त्रास होतो.

अंतिम सामना नवापूर आणि बांधकामाचा संघ यांच्यातच झाला. मैदानाभोवती पालघरची गर्दी होती. मामा रेघेबाहेर जमिनीवर बसले होते. पुढ्यात शिंपल्या आणि खडे मांडलेले. शेजारी अप्पा घड्याळ घेऊन, आणि त्यांच्या मागे मी. सुरुवातीलाच बांधकामाच्या संघाला कोपऱ्यावरची किक मिळाली आणि त्यांच्या एका उंच माणसाने डोक्याने गोल केला. मामा विचलित झाले नाहीत. "ती लाट व्हती," ते म्हणाले. "लाटेला जाळं नसतं. आता पानी येईल."

पाणी आले नाही. त्यांच्या गोलरक्षकाने चेंडू दत्तूकडे दिला. दत्तूने त्यावर पाय ठेवला आणि तो उभा राहिला.

आमची मुले आपापल्या जागी, तोंड उघडे ठेवून, वाट पाहत होती. एकटा पांडू धावून गेला. दत्तूने चेंडू शांतपणे बाजूच्याकडे सरकवला. पांडू तिकडे गेला. चेंडू परत दत्तूकडे आला. तीन माणसांमध्ये पांडू एकटा पळत होता आणि बाकीचे सगळे मैदान थांबले होते. आधी गर्दीला गंमत वाटली, मग ती चिडली.

"अरे, फोटो काढायचाय काय?"

"बोंबील वाळत घातलेत रे, बोंबील!"

यावर सगळीकडे हशा पिकला, कारण ओळीने ताठ उभी असलेली आमची मुले खरोखर तशीच दिसत होती. पांडू धापा टाकत रेघेजवळ आला.

"मामा, जाऊ काय समद्यांनी?"

"थांब. भांग हाय. वळंल."

मध्यंतर झाले, पुन्हा खेळ सुरू झाला, आणि दत्तूचा पाय पुन्हा चेंडूवर होता. मामांनी तळहात वर धरला होता. हातामागे चेंडू होता. हाताच्या बाजूंना कोणीच हलत नव्हते.

"धर्मा," अप्पा म्हणाले, "वीस मिनिटं राहिली."

"मास्तर, पानी कदी थांबून राहिलंय काय?"

"पाण्याचं मला माहीत नाही. घड्याळ चाललंय."

मामांनी अप्पांच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिले. ही वस्तू आपण पूर्वी पाहिलेलीच नाही, अशी ती नजर होती. आयुष्यभर ज्या माणसाचा खेळ ओहोटीने सुरू केला आणि भरतीने संपवला, त्याला वाट पाहणे ही चूक असू शकते हे समजायला काही आधारच नव्हता. डोल लावणारा माणूस मंद पाण्यात घाई करत नाही. तो बसून राहतो, आणि तेच शहाणपण असते. समुद्राने त्यांना एकदाही खोटे पाडले नव्हते. पण समुद्राला शिट्टी नसते.

दहा मिनिटे उरली तेव्हा ते उठून उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे करून ओरडले, "जा रे! समदे जा!"

मुले गेली. त्यानंतर मी जे पाहिले ते मला हरण्यापेक्षा अधिक भयंकर वाटले. त्यांना पुढे जाताच येत नव्हते. दोन पावसाळे त्यांनी जागेवर उभे राहण्याचा, सरकण्याचा, मिटण्याचा अभ्यास केला होता. त्या अभ्यासाने त्यांच्या पायांतले जुने सगळे पुसून टाकले होते. गणपतच्या पायात चेंडू आला. समोर एकच माणूस होता. वाळूवर ज्याने तिघांना चुकवून चौथ्यासाठी परत यायचे, तो गणपत थबकला आणि मागे वळून पाहू लागला, आपली जागा कोठे राहिली ते. चेंडू त्याच्या पायातून निघून गेला. दत्तूने तो मोकळ्या मैदानावर लांब मारला. दुसरा गोल झाला तेव्हा आमच्या गोलाजवळ गोलरक्षकाखेरीज कोणी नव्हते.

सामना संपल्यावर दत्तू सरळ मामांकडे आला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"चांगला खेळलास. हे कोनी सांगितलं तुला?"

दत्तूने क्षणभर माझ्याकडे पाहिले.

"मीच इचार केला, मामा."

मामा माझ्याकडे वळले. "बाय, तू मला बोलली व्हतीस. आठवतं? मीच आयकलं नाय."

मी मान हलवली. सांगण्याची ती वेळ होती. त्यानंतर तशी वेळ आली नाही, किंवा आली तेव्हा मी ती ओळखायचे नाकारले. मामा खाली बसून शिंपल्या गोळा करू लागले. खडे त्यांनी तसेच ठेवले.

पुढच्या वर्षभरात पाचही मुले बांधकामावर गेली. पांडू होडीवर राहिला. ओहोटीला किनारा पूर्वीसारखाच उघडा पडे, पण वल्ही कोणी रोवत नव्हते. मामा वर्तमानपत्रासाठी पायरीवर येत नाहीत, असे अप्पांनी पत्रात लिहिले होते. मी मुंबईत पुढच्या अभ्यासाच्या मागे होते. वही माझ्याकडे होती. ती परत द्यावी असे मी प्रत्येक सुटीत ठरवी. आणि प्रत्येक सुटी लहान असे.

नंतर एकदा, संशोधनाच्या जागेसाठी लागणारा एक दाखला घ्यायला मी पालघरला गेले होते. दिवाळी नुकतीच झाली होती. दाखला लवकर मिळाला, गाडीला अवकाश होता, आणि मैदानावर गर्दी दिसली म्हणून मी तिकडे वळले. ढालीचा अंतिम सामना चालू होता: बांधकामाचा संघ विरुद्ध वाणगाव. फळ्यावर शून्य-शून्य होते. मी सवयीने तळहात समोर धरला, आणि मला जे दिसले ते ओळखायला मला अजिबात वेळ लागला नाही.

दोन्ही बाजूंना डोल होती. दोन्हीकडे खुंट रोवलेले, दोन्हीकडे तोंड उघडे, दोन्हीकडे खोल्याशी एक शांत माणूस, आणि पुढे एकेक एकटा. वाणगावला ती कोणी शिकवली कोण जाणे. बहुधा हरण्यानेच शिकवली असेल. प्रत्येक संघ दुसऱ्याने वाहावे म्हणून थांबला होता. चेंडू मैदानाच्या मध्याजवळ कोणाच्या तरी पायाखाली होता. लोक कंटाळून एकेक करून उठत होते.

तेवढ्यात पलीकडच्या बाजूने ओळखीचा आवाज आला.

"अरे, जा की रे कोनीतरी! कोनीबी जा! पुढं जा!"

धर्मामामा उभे होते. मी पाहिले होते त्यापेक्षा वाळलेले, डोक्याला रुमाल, दोन्ही हात पुढे पसरलेले. त्यांच्या आजूबाजूला बांधकामावरचे कामगार बसले होते. त्यांना हा म्हातारा कोण ते माहीत नव्हते. एकाने त्यांचा सदरा धरून ओढला. तो उद्धट नव्हता. समजूत घालावी तसा बोलला.

"बैठ जाइए, चाचा. ये नया खेल है, आपकी समझ में नहीं आएगा. इसको जाल बोलते हैं."

"जाळं?" मामांनी विचारले.

"हाँ, जाल. इसमें जो पहले निकला, वो मरा."

मामा खाली बसले. त्यांच्या आणि माझ्या मध्ये ते सगळे थांबलेले मैदान होते, आणि माझ्या पिशवीत, दाखल्याखाली, वही होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

त्यांनी डावा तळहात उचलला, चेंडू झाकला, आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग हात खाली घेऊन मांडीवर ठेवला. गाडीची वेळ झाली म्हणून मी निघाले तेव्हा ते नुसते चेंडूकडे बघत होते. चेंडूकडे बघताना मी त्यांना त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते.